बॅडलँड्स का नाही चालला? आणि प्लीज, ‘ग्रंज आलं म्हणून’ एवढंच नका सांगू

वॉकमन_अजून_चालू

झालं असं की ऑझी ऑस्बॉर्नची ती शेवटची कॉन्सर्ट बघत होतो, ५ जुलै २०२५ ची, बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवाली. त्यात मधेच एक शांतसा माणूस गिटार घेऊन आला आणि खाली कमेंटमध्ये लोक वेडे झालेले, जेक आला जेक आला. मला ऑझीचे गिटारिस्ट म्हणजे रँडी ऱ्होड्स आणि झॅक वाइल्ड एवढेच माहीत, मधला जेक ई. ली फक्त नावाने ऐकून होतो. शोधलं तर कळलं की बार्क ॲट द मून (१९८३) आणि द अल्टिमेट सिन (१९८६) या दोन्ही अल्बमवर हाच आहे, आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये लास वेगासमध्ये कुत्र्याला फिरवायला निघालेला असताना याला गोळ्या लागल्या होत्या, त्यातून वाचून नऊ महिन्यांत हा माणूस स्टेजवर.

मग तिथून घसरत घसरत बॅडलँड्सपर्यंत पोचलो. ऑझीकडून बाहेर पडल्यावर जेकने काढलेला बँड, पहिला अल्बम १९८९ चा. तीन दिवस झाले दुसरं काही ऐकलेलं नाही, खोटं नाही सांगत. एवढा ब्लूज भरलेला हार्ड रॉक आणि वर तो रे गिलेनचा आवाज, आणि मी इतकी वर्षं काय करत होतो असं झालंय.

आता प्रश्न. असा गिटारिस्ट, असा गायक, मागे अटलांटिकसारखं लेबल, आणि तरी चार-पाच वर्षांत खेळ खल्लास? दोन अल्बम, तिसरा मेल्यावर. जिथे विचारावं तिथे एकच उत्तर मिळतं, ग्रंज आलं ना, म्हणजे ते सिॲटलचं निर्वाना-पर्ल जॅमवालं रॉक. त्या काळात बुडालेल्या प्रत्येक बँडच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून निर्वाना लिहून मोकळे होतात लोक. मला ते पटत नाहीये पण खोडून काढण्याएवढी माहितीही नाहीये. जाणकारांनी सांगा.

---

एकोळी

ग्रंज आलं म्हणून.

(सॉरी, राहवलं नाही)

---

चार_तारांचा_माणूस

एकोळी, तुला नंतर बघतो.

वॉकमन, तुला जे पटत नाहीये ते बरोबर पटत नाहीये. आधी माणसं कोण होती ते बघ म्हणजे अर्धं उत्तर तिथेच मिळेल. जेक ऑझीकडे चार-पाच वर्षं होता, अल्टिमेट सिन अमेरिकेत सहाव्या नंबरपर्यंत गेलेला. पण बार्क ॲट द मूनच्या गाण्यांवर श्रेय फक्त ऑझीचं छापलंय, आणि त्यावर जेक नंतर अनेकदा उघडपणे बोललाय. १९८७ मध्ये त्याला तिथून काढलं. अशी ठेच खाल्लेला माणूस स्वतःचा बँड काढतो तेव्हा तो काय ठरवून काढतो? की आता गाणी मी म्हणेन तशी होणार. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

रे गिलेनचं तर विचारूच नको. १९८६ मध्ये ब्लॅक सॅबथच्या (ऑझीचा जुना बँड) दौऱ्यात आधीचा गायक ग्लेन ह्यूजला बाजूला करून ऐन दौऱ्यात याला उभं केलं. मग सॅबथच्या द इटर्नल आयडॉल अल्बमची गाणी याने गायली, आणि अल्बम बाहेर यायच्या आत हा बँड सोडून गेला, मग टोनी मार्टिनने येऊन सगळी गाणी परत गायली आणि १९८७ मध्ये तोच अल्बम मार्टिनच्या आवाजात निघाला. गिलेनवालं रेकॉर्डिंग अधिकृतपणे यायला २०१० उजाडलं. गंमत म्हणजे मूळ अल्बमवरही त्याचा एक तुकडा राहून गेलाय, नाइटमेअर गाण्यातलं ते भेसूर हसणं गिलेनचं आहे. माणूस गेला, हसू राहिलं. तिथून तो गिटारिस्ट जॉन साइक्सच्या ब्लू मर्डर बँडमध्ये गेला, तिथेही टिकला नाही, शेवटी साइक्स स्वतःच गायला. म्हणजे बॅडलँड्समध्ये येईपर्यंत या माणसाच्या आवाजाची कीर्ती होती पण दुकानात जाऊन विकत घेता येईल असं त्याच्या नावावर जवळजवळ काही नव्हतं!

ड्रमर एरिक सिंगर, हाही सॅबथमधलाच, गिलेनच्या ओळखीचा. बासवर ग्रेग चेसन. निर्माता पॉल ओ'नील, तोच ज्याने पुढे ट्रान्स-सायबेरियन ऑर्केस्ट्रा काढला. १९८८ मध्ये जमले, १९८९ मध्ये अल्बम, अमेरिकेच्या चार्टवर ५७ वा नंबर. नवीन बँडला ५७ म्हणजे अजिबात वाईट नाही. म्हणजे सुरुवात पडलेली नव्हती, हे पहिल्यांदा डोक्यात घ्या. आणि ही १९८९ ची गोष्ट आहे, ग्रंजचा पत्ता सिॲटलबाहेर फारसा कुणाला नव्हता तेव्हाची.

---

एकोळी

ते ठीक आहे पण दुसरा अल्बम १९९१ चा ना? आणि तो आपटला ना? १९९१ म्हणजे निर्वानाचा नेव्हरमाइंड. मग मी काय चुकीचं बोललो?

---

चार_तारांचा_माणूस

आलास? बस.

व्हूडू हायवे १९९१ च्या जूनमध्ये आला. पर्ल जॅमचा टेन २७ ऑगस्टला, नेव्हरमाइंड २४ सप्टेंबरला, आणि नेव्हरमाइंड एक नंबरवर पोचला तो १९९२ च्या जानेवारीत. व्हूडू हायवे चढला किती, तर १४० वा, बस. म्हणजे पोहणारा बुडाला जूनमध्ये आणि लाट आली जानेवारीत, तरी खापर लाटेवर.

आता तू म्हणशील हवा आधीच बदलली होती. मग हे ऐक. त्याच जून महिन्यात स्किड रोचा स्लेव्ह टू द ग्राइंड आला, थेट एक नंबरवर उघडला. त्याच महिन्यात व्हॅन हेलनचा अल्बम आला, तोही थेट एक नंबर. आणि हे उगाच फुगवलेले नंबर नव्हते बरं का, कारण मे १९९१ च्या शेवटापासून बिलबोर्डने चार्टची पद्धतच बदलली होती. आधी दुकानदारांना फोन करून काय खपतंय ते विचारायचे आणि दुकानदार मनाला येईल ते सांगायचा, आता काउंटरवर बारकोड स्कॅन होऊन खरे आकडे यायला लागले. त्या खऱ्या आकड्यांत हार्ड रॉक एक नंबरवर होता १९९१ च्या जूनमध्ये. लोक विकत घेत होते. बॅडलँड्सचा घेत नव्हते.

आणि ब्लूज चालत नव्हता म्हणाल तर ब्लॅक क्रोज. शेक युअर मनी मेकर १९९० चा, अमेरिकेत ५० लाखांवर गेला. तोही ७० च्या दशकातल्या ब्रिटिश बँडच्या वळणाचाच ब्लूज रॉक. म्हणजे माल तोच, बाजार तोच, वर्षं तीच. एक उडाला, एक बुडाला.

तेव्हा ग्रंज हे कारण नाही, ती नंतर सापडलेली सबब आहे.

---

काठीवाली

इथे लिहीत नाही मी फारसं, वाचतेच, पण विषय निघालाय तर. मी ड्रम वाजवते, आमचाही एक बँड होता, अडीच वर्षं चालला, नाव सांगून उपयोग नाही कारण कुणी ऐकलेलं नाहीये 😄

वर सगळे गिटार आणि गायकाबद्दल बोलताय, मला कुणीतरी सांगा की पहिल्या अल्बमनंतर ड्रमर बदलला याबद्दल एकही शब्द का नाही? एरिक सिंगर गेला, पुढे ॲलिस कूपरकडे, मग किस बँडमध्ये रिव्हेंज अल्बमपासून, आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये किसचा शेवटचा शो झाला तेव्हाही ड्रमवर तोच होता. म्हणजे चार जणांत व्यवहाराने सगळ्यात यशस्वी ठरला तो बँड सोडून गेलेला. आणि खरं तर तो पूर्णपणे कधी ‘आत’ होताच का, कारण १९८९ मध्ये बॅडलँड्सचा अल्बम यायच्या आधी तो किसच्याच पॉल स्टॅनलीच्या सोलो दौऱ्यावर वाजवत होता. त्याला दोष नाही देत मी, ड्रमरचं पोट असंच चालतं, चार ठिकाणी वाजवल्याशिवाय भागत नाही.

त्याच्या जागी आला जेफ मार्टिन. हा रेसर एक्सचा गायक होता! पॉल गिल्बर्टच्या त्या सुसाट बँडचा गायक, तो इथे येऊन ड्रमवर बसला. आणि चांगला वाजवलाय, व्हूडू हायवे ऐका, सिंगर बीटच्या किंचित पुढे रेटून वाजवतो आणि हा मागे रेलून, त्यामुळे दुसरा अल्बम जास्त सैल, जास्त मातीतला वाटतो. मला स्वतःला दुसराच जास्त आवडतो. पण बँडमध्ये राहिलेल्या कुणालाही विचारा, ड्रमर बदलला की रिफसुद्धा बदलतात. गिटारवाल्याला कळत नाही आपण वेगळं का वाजवतोय, पण वाजवतो. आमचा बासवाला गेला तेव्हा चार महिने गेले परत एकमेकांच्या श्वासाचा अंदाज यायला, आणि तो नुसता बास होता (चार तारांचे दादा, रागावू नका).

आणि लेबलच्या नजरेने बघा ना. १९८९ मध्ये चकचकीत अल्बम दिला, ५७ वर गेला. दोन वर्षं थांबले. आणि हातात काय आलं, तर ओ'नील निर्माता नाही, जेकने स्वतः निर्मिती केलेला, खरखरीत, मुद्दाम कच्चा ठेवलेला अल्बम. मला तो ऐकताना आनंद होतो, पण विकणाऱ्याच्या पोटात गोळा आला असणार.

---

चार_तारांचा_माणूस

रागावलो नाही ताई, बासवाल्यांना सवय असते. ड्रमरचा मुद्दा शंभर टक्के मान्य, माझ्याकडून सुटला.

---

वॉकमन_अजून_चालू

भारी चाललंय. काठीवाली, एक बाळबोध प्रश्न, लेबलच्या पोटात गोळा का यावा? ५७ वर गेला म्हणजे पैसे वसूल झालेच असतील ना?

---

काठीवाली

इथेच तर सगळ्यांची गल्लत होते. चार्टचा नंबर आणि वसुली यांचा संबंध लांबचा. लेबल जे ॲडव्हान्स देतं ते बक्षीस नसतं, ती उचल असते. स्टुडिओ, निर्मात्याची फी, व्हिडिओचा बहुतेक निम्मा खर्च, दौऱ्यासाठी दिलेली मदत, हे सगळं बँडच्या खात्यावर उधार चढतं. आणि फिटतं कशातून, तर विक्रीतून जो बँडचा हिस्सा असतो फक्त त्यातून. समजा शंभर रुपयांत बँडचा हिस्सा दहा-बारा. तर उरलेले अठ्ठ्याऐंशी-नव्वद लेबलकडे जातात पण तुमची उधारी फेडायला ते धरत नाहीत, तुमचे दहा-बाराच धरतात. त्यामुळे लेबल फायद्यात येऊनही बँड उधारीत राहू शकतो, आणि बहुतेक राहतोच. आमच्यावर तर एका छोट्या लेबलची अशी उधारी होती की बँड मोडल्यावरही दर सहा महिन्यांनी हिशोबाचा कागद यायचा, उणे अमुक अमुक. जपून ठेवलाय मी एक 😄

मग दुसरा अल्बम १४० वर थांबला की कुणीतरी ऑफिसात बसून ठरवतो, तिसऱ्यावर अजून घालायचे का? त्या क्षणी बँड एकजीव असला, वर्षभर गावोगाव फिरायला तयार असला, तर एखादा संधी देतो. आणि बॅडलँड्स त्या क्षणी एकमेकांशी भांडत होते.

---

वरचा_षड्ज

आता भांडणावर आलात म्हणून मी येतो, कारण यात नेहमी गिलेनला व्हिलन करतात आणि मला ते सहन होत नाही.

गोष्ट अशी सांगतात की जेकला प्रामाणिक ब्लूज रॉक हवा होता आणि गिलेनला रेडिओवर वाजणारं हिट गाणं हवं होतं, म्हणून फाटलं. बरं, असेल. पण गिलेनच्या जागी उभे राहून बघा ना एकदा. सॅबथसाठी गायलेला अख्खा अल्बम त्याच्या डोळ्यांसमोर दुसऱ्याच्या आवाजात निघाला. ब्लू मर्डर गेलं हातातून. तिशी ओलांडलेली. आता अल्बम आपल्या आवाजात निघालाय आणि तो १४० वर अडकलाय. त्याने म्हटलं असेल एखादं गाणं रेडिओसाठी करूया, तर त्यात काय बिघडलं? वर क्रोजचं उदाहरण दिलंत ना, त्यांचं जे गाणं घरोघरी पोचलं ते ओटिस रेडिंगचं जुनं गाणं होतं, स्वतःचं नव्हे. त्यांना कुणी विकले गेले म्हणत नाही. आणि बॅडलँड्सनेही व्हूडू हायवेवर जेम्स टेलरचं फायर अँड रेन घेतलंच की. म्हणजे तत्त्वाचा प्रश्न नव्हता, कुणाचं चालणार हा प्रश्न होता.

ऑझीकडे श्रेय मिळालं नाही म्हणून जेकला सगळं आपल्या हातात हवं. सॅबथमध्ये आवाज पुसला गेला म्हणून गिलेनला आता तरी ऐकू जायचंय. दोघंही आधीच्या घरची जखम घेऊन आलेले, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर. एकाच म्यानात दोन तलवारी झाल्या. १९९२ च्या इंग्लंड दौऱ्यात तर स्टेजवर, माइकवर, पब्लिकसमोर भांडले. त्यानंतर गिलेन बाहेर, त्याच्या जागी जॉन वेस्ट (तोच, पुढे रॉयल हंटवाला), मग लेबलने हात काढून घेतला, आणि संपलं.

आणि गिलेन १ डिसेंबर १९९३ ला गेला. एड्समुळे. वय ३४. बँड परत जुळायची जी काही शक्यता होती ती तिथेच संपली. आता सगळे जुने बँड परत एकत्र येऊन दौरे करतायत, रुसवे-फुगवे विसरून, पैशासाठी का होईना. यांना ती सोयच उरली नाही. विसरले जाण्याचं हेही एक कारण आहे, माझ्या मते मोठं.

---

चार_तारांचा_माणूस

षड्ज, पटलं. मी जेककडे झुकून लिहिलं होतं, गिटारवाल्यांचं ऐकून ऐकून होतं असं.

एक भर घालतो. माझं स्वतःचं मत विचाराल तर बँड १९९१ मध्येही बुडाला नाही, १९८९ मध्येच त्याची नीट ओळख करून द्यायचं राहून गेलं. लेबलने विकलं कसं, तर ऑझीचा गिटारिस्ट, सॅबथचा गायक, सॅबथचा ड्रमर. त्यामुळे मेटलवाले आले आणि त्यांना मिळाला ब्लूज. आणि ज्यांना असा ब्लूज हवा होता, म्हणजे जे वर्षभराने क्रोजच्या दारात उभे राहिले, ते ऑझी-सॅबथ ही नावं वाचूनच पुढे निघून गेले. क्रोजची पाटी कोरी होती, मागचं काही नव्हतं, म्हणून लोकांनी जे ऐकलं तेच मानलं. यांच्यासाठी नाव हेच ओझं झालं.

जेकचा हात ऐक बाकी. त्याच्या गिटारला तो हलवायचा दांडा नसतो, पण सूर घसरवायचा असला की हा नटच्या पलीकडे, जिथे तारा खुंट्यांकडे जातात तिथे बोट दाबून तार ताणतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं काहीतरी खाजवतोय.

---

एकोळी

बरं, मागे घेतो. ग्रंज आलं म्हणून नाही.

पण ग्रंज नसतं आलं तर तिसरा अल्बम मिळाला असता का? कारण १९९२ मध्ये लेबल नवीन गोष्टींमागे पळत होतीच ना. एवढं तरी द्या मला.

---

काठीवाली

एवढं घे 😄 खड्डा त्यांनीच खणला होता, माती नंतर पडली. कदाचित दुसऱ्या एखाद्या वर्षी कुणीतरी वर्षभर वाट बघितली असती.

तिसरा मिळाला नाही असंही नाही म्हणा. त्यासाठी केलेले डेमो १९९८ मध्ये डस्क नावाने निघाले, गिलेन जाऊन जवळजवळ पाच वर्षांनी. चौघे एका खोलीत उभे राहून वाजवतायत असा आवाज आहे, फार काही पॉलिश नाही. आणि इतकं भांडण चालू असताना हे इतकं घट्ट कसे वाजवत होते हे मला कळत नाही. म्हणजे कळतं खरं तर. आमचंही शेवटच्या दोन महिन्यांतच सगळ्यात चांगलं वाजायचं, बोलणं बंद होतं ना, मग सगळं वाजवण्यातच काढायचो.

---

वरचा_षड्ज

डस्कवर सन रेड सन म्हणून गाणं आहे. बॅडलँड्समधून निघाल्यावर गिलेनने जो बँड धरला त्याचंही नाव तेच, सन रेड सन. जिथून काढलं तिथलंच एक गाणं नाव म्हणून सोबत घेऊन गेला.

वॉकमन, क्रमाने ऐकायचं असेल तर पहिला अल्बम तुझा झालाय, आता व्हूडू हायवे हेडफोनवर, मग डस्क. आणि सगळ्यात शेवटी २०१० वाला इटर्नल आयडॉल, दोन्ही आवाजांत एकेक गाणं लागोपाठ लावून. टोनी मार्टिन वाईट नाही गायलाय बरं का, अजिबात नाही, त्याच्यावर राग काढू नकोस.

---

वॉकमन_अजून_चालू

सगळ्यांना मनापासून थँक्स, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री व्हूडू हायवे पूर्ण ऐकला. काठीवाली म्हणतात तसा मागे रेलून वाजवलेला ड्रम आधी कळला नाही, मग पहिला अल्बम परत लावला आणि लगेच कळला. मला अजून पहिलाच जास्त आवडतोय, पण आठवड्याभराने विचारा.

आणि ते हसणं शोधलं. नाइटमेअर, मार्टिनवालं मूळ गाणं. दोन सेकंदांचं असेल नसेल. चार वेळा मागे नेऊन ऐकलं, शेजारी बायको म्हणाली हे काय लावलंयस रात्रीचं.

आता डस्क लावतोय.